दुसऱ्या टिंबानंतरचा आकडा

२.५.३ हा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा नंबर मोठ्यानं वाचायला सांगितला की चांगले शिकलेले लोकही अडखळतात. दोन पूर्णांक त्रेपन्न? नाही. दोन टिंबांचा आकडा गणिताच्या तासाला कधी भेटलेलाच नसतो. खरं तर तो आकडा नव्हेच, पत्ता आहे. इमारत दुसरी, मजला पाचवा, खोली तिसरी. पत्ता म्हणून वाचलं की २.९ नंतर २.१० का येतं हे सांगावं लागत नाही. नवव्या मजल्यावर दहावा असतो, इतकंच. संगणकाला मात्र ते सांगावं लागतं. फोल्डरमधल्या इन्स्टॉलरच्या फायली नावाप्रमाणे लावल्या तर २.१० हे २.९ च्या आधी बसतं, कारण अक्षर म्हणून १ हा ९ च्या आधी. 'यादीतली शेवटची फाइल ती सगळ्यात नवी' असं धरून चालणारी स्क्रिप्ट नऊ वेळा बरोबर वागते आणि दहाव्या वेळी जुनाच इन्स्टॉलर उचलते. एरर वगैरे काही येत नाही. लिनक्सच्या सॉर्ट कमांडला कॅपिटल 'व्ही'चा पर्याय आहे तो याच दुखण्यासाठी.

या पत्त्यातल्या खोलीच्या नंबराकडे सगळ्यात जास्त लक्ष असतं ते शेड्युलर सांभाळणाऱ्यांचं. शेड्युलर म्हणजे वर्कलोड ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर: बँकेचं रात्रीचं व्याज, कारखान्याचा पगार, विम्याच्या नोटिसा, वीजबिलांची छपाई असे हजारो जॉब एकामागून एक चालवणारं. लिनक्समध्ये क्रॉन असतंच, मग हे वेगळं कशाला, असं विचारणारा कुणी तरी दरवर्षी भेटतो. क्रॉन म्हणजे घड्याळ आहे, हे पंचांग आहे. क्रॉनला दोन वाजले एवढंच कळतं. आज महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस आहे का, समोरच्या बँकेची फाइल आली का, आधीचा जॉब धड संपला का, हे पाहून मुहूर्त काढायचं काम पंचांगाचं.

आणि पंचांगात चूक झाली की ती एका घरापुरती राहत नाही.

आकड्यांचा अर्थ साधारण ठरलेला आहे. पहिला बदलला की नवं घर, दुसरा बदलला की नवा मजला चढवला, तिसरा बदलला की शाकारणी. मेंटेनन्स रिलीजला, म्हणजे फक्त दुरुस्त्यांसाठी काढलेल्या आवृत्तीला, मराठीत याहून चांगला शब्द नाही. कोकणात मिरगाच्या आधी कौलं उतरवून, फुटकी काढून, वळचण नीट करून पुन्हा बसवतात, तेच हे काम. नव्या घराची वास्तुशांत होते. शाकारणीला कुणी पेढे वाटत नाही. ती झाली हे कळतं ते आषाढात घरात बादल्या मांडाव्या लागल्या नाहीत यावरून.

शेड्युलर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची पत्ता लिहायची तऱ्हा मात्र निराळी. कंट्रोल-एम ९.०.२० वरून ९.०.२०.१०० आणि पुढं ९.०.२०.२०० असं शंभरा-शंभराच्या ढांगा टाकतं. आयबीएमच्या शेड्युलरला चार आकडे लागतात, शेवटचा फिक्सपॅकचा, म्हणजे दुरुस्त्यांच्या गठ्ठ्याचा. ऑटोसिस बरीच वर्षं ११.३ च्या घरातच राहिलं आणि सर्व्हिस पॅक तेवढे वाढत गेले. ऑटोमिकनं सरळ सालच लावलं, २१, मग २४. सालाचा एक फायदा आहे: आपलं सॉफ्टवेअर किती जुनं झालंय हे मॅनेजरला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रिलीज नोट्स, म्हणजे आवृत्तीत काय बदललं याची टिपणं, हा एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार आहे. त्यातली सगळ्यात भयंकर वाक्यं सगळ्यात सौम्य असतात. 'विशिष्ट परिस्थितीत सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर एखादा जॉब दोनदा सुरू होऊ शकत होता. दुरुस्त केले.' एवढंच. जॉब लॉग साफ करणारा असेल तर दोनदा झाडू मारला म्हणून सोडून द्यावं. खात्यावर व्याज जमा करणारा असेल तर? वाचणाऱ्यानं अशा प्रत्येक ओळीपुढं थांबून आपल्याकडचा नेमका जॉब आठवायचा असतो. २.५.१ वरून २.५.६ वर उडी मारताना मधल्या चारही नोट्स वाचाव्या लागतात, कारण डिफॉल्ट सेटिंग बदलल्याची ओळ हमखास मधल्याच कुठल्या तरी नोटमध्ये दडलेली असते. टाइमआउट, म्हणजे वाट पाहायची मुदत, ६० सेकंदांचा ३० केला, म्हणून कुणी डांगोरा पिटत नाही.

'सोबतचं जावा रनटाइम अद्ययावत केलं' ही तर इतकी निरुपद्रवी ओळ की डोळे तिच्यावरून घसरतातच. पण शेड्युलर ज्याच्यावर चालतो त्या जावाच्या पोटात जगभरातल्या घड्याळांचे नियम असतात. ते नियम म्हणजे टाइम झोनची माहिती, आणि तिची आवृत्ती साल व अक्षर अशी मोजतात, २०२२ए, २०२२बी. मेक्सिकोनं ऑक्टोबर २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागातली उन्हाळी वेळ रद्द केली आणि तो बदल २०२२एफ मध्ये आला. ज्यांनी ती शाकारणी टाळली त्यांचा शेड्युलर एप्रिल २०२३ मध्ये जुन्या सवयीनं तास पुढं गेला आणि सकाळी सहाचे जॉब तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात पाचलाच सुटले.

आपल्याकडं घड्याळ पुढंमागं करायची भानगड नाही, म्हणून पुण्यात बसून न्यूयॉर्कचे जॉब सांभाळणाऱ्यांना हे जरा जास्तच टोचतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथं दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा तिथं पहाटेच्या दोनचे एकदम तीन होतात. अडीचचा जॉब क्षयतिथीसारखा गायब. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथले दीड दोनदा वाजतात, आपल्या अकराला एकदा आणि बाराला पुन्हा. अशा वेळी जॉब वगळायचा, तीनला चालवायचा की दोनदा सोडायचा, याचं उत्तर प्रत्येक शेड्युलर आपापल्या बुद्धीनं देतो, आणि कधीकधी एखाद्या मेंटेनन्स रिलीजनंतर त्याची बुद्धी बदलते.

डिसेंबर २०२१ मध्ये तर आकड्यांची सगळी शिस्तच मोडली. लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत भगदाड सापडलं. धोक्याचं माप दहापैकी दहा. तीनेक आठवड्यांत २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी चार ठिगळं आली. पहिलं ठिगळ अपुरं पडलं. दुसऱ्यानंतरही प्रोग्राम स्वतःभोवतीच फिरत राहून बसेल अशी फट उरली होती. वाट बघायला वेळ नसलेल्यांनी जार फाइल, म्हणजे जावा प्रोग्रामचं गाठोडं, उघडून आतली दोषी क्लास फाइल हातानं काढून टाकली. उपाय बरोबर होता. फक्त तो आवृत्तीच्या आकड्यात कुठंच दिसत नाही. पुढच्या वेळी कुणी जुन्याच इन्स्टॉलरनं एजंट (प्रत्येक मशीनवर बसून जॉब प्रत्यक्ष चालवणारा शेड्युलरचा छोटा प्रोग्राम) दुरुस्त करायला गेला, की काढलेली फाइल पुन्हा जागेवर. गंमत म्हणजे ज्यांच्याकडं लॉगफोरजेची १.x आवृत्ती होती ते या भगदाडातून वाचले. त्या आवृत्तीची देखभाल २०१५ मध्येच थांबली होती आणि तिची बाकीची भोकं तशीच होती, पण हे एक नव्हतं.

या धंद्यातल्या लोकांना विचारलं की सगळ्यात जास्त भीती कशाची, तर चढण्याची नाही, उतरण्याची. जून २०१२ चं ब्रिटनचं प्रकरण त्यामुळंच अजून सांगितलं जातं. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात १७ जूनच्या रविवारी बॅच शेड्युलरची नवी आवृत्ती बसवली. त्रास दिसू लागला, म्हणून ती काढून जुनी परत ठेवायचं ठरलं. काढल्यानं काय होईल याची चाचणी आधी झाली नव्हती, आणि नवी आवृत्ती जुनीशी जुळणारी नव्हती. आजची बॅच, म्हणजे रात्रीच्या जॉबचा गठ्ठा, कालच्या बॅचच्या खांद्यावर उभी असते. एक बसली की मागच्या सगळ्या तुंबतात. नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँकेसह ब्रिटनमधल्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना झळ बसली. शिल्लक चुकीची दिसत होती, घरकर्जाचे हप्ते वेळेवर जात नव्हते, परदेशात गेलेल्यांना पैसे निघत नव्हते. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला.

परत फिरणं अवघड असतं ते डेटाबेसमुळं. इन्स्टॉलर फक्त प्रोग्राम बदलत नाही. टेबलात रकाने वाढवतो, जुन्या नोंदी नव्या साच्यात ओततो. जुन्या प्रोग्रामला ते नवे रकाने ओळखीचे नसतात. मग बॅकअप हीच उतरायची एकमेव शिडी, आणि तो सर्व्हर थांबवल्यानंतरचा हवा. संध्याकाळी सहाचा बॅकअप घेऊन रात्री दोनला परत फिरलात, तर मधल्या आठ तासांत संपलेले जॉब शेड्युलरच्या लेखी झालेच नाहीत. तो ते इमानेइतबारे पुन्हा चालवायला काढेल. म्हणून परतीची वाट घेण्याआधी 'इथपर्यंत झालं' अशी संपलेल्या जॉबची यादी शेड्युलरच्या बाहेर, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून ठेवायची.

अपग्रेडच्या रात्रीचा बराचसा भाग थांबवण्यातच जातो. ऑटोसिसमध्ये थांबवायच्या दोन तऱ्हा आहेत, होल्ड आणि आइस, आणि नवख्याची पहिली चूक इथंच होते. होल्डवर ठेवलेला जॉब वाट अडवून बसतो. त्याच्या मागचे सगळे खोळंबतात. आइसवर ठेवलेला जॉब जणू रांगेत नव्हताच. त्याच्यावर अवलंबून असलेले जॉब अट पुरी झाली असं समजून पुढं निघतात. बिलं मोजणारा जॉब चुकून आइसवर ठेवला तर बिलं छापणारा बिनदिक्कत सुटतो आणि कालचीच बिलं छापतो. उलट होल्डचा त्रास शेवटी: चारशे जॉब एका फटक्यात मोकळे केले की अटी पुऱ्या झालेले सगळे त्याच सेकंदाला धावतात आणि डेटाबेसच्या जोडण्या अपुऱ्या पडतात. पन्नास-पन्नासनं सोडावेत.

क्रमही ठरलेला. बहुतेक शेड्युलरांत आधी सर्व्हर, मग एजंट. जुना एजंट नव्या सर्व्हरशी जमवून घेतो, उलटं सहसा चालत नाही. सर्व्हर थांबला तरी एजंटवरचा चालू जॉब चालूच राहतो आणि त्याचा निकाल एजंट आपल्या फोल्डरमध्ये जपून ठेवतो. त्याच वेळी एजंटही बदलला आणि ते फोल्डर पुसलं गेलं, तर तो जॉब यादीत अधांतरी राहतो, ना चालू ना संपलेला. पहाटेची तक्रार मात्र वेगळीच येते: कुणालाच लॉगइन होत नाही. नव्या जावाबरोबर ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांची कोरी फाइल आलेली असते आणि कंपनीचं स्वतःचं प्रमाणपत्र जुन्या फाइलीबरोबर गेलेलं असतं. ती फाइल आधी बाजूला काढून ठेवणं हे दोन मिनिटांचं काम, आणि दर दुसऱ्या अपग्रेडला ते राहतं.

या सगळ्याला पूर्वी रात्र असायची. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झालं, दर अर्ध्या तासाला एक बॅच, दिवसाला ४८. तेव्हापासून भारतातल्या बँकांचे शेड्युलरवाले दोन बॅचमधली फट शोधत असतात. महिनाअखेर नको, तिमाही नको, ३१ मार्चच्या आसपास तर कुणी नावही काढत नाही. उरलेले रविवार मोजून ठेवलेले असतात.

सकाळी एजंटांची यादी काढायची आणि प्रत्येकासमोरचा पत्ता वाचायचा. २.५.६, २.५.६, २.५.६, ओळीनं. मधेच एक २.३.०. तो सर्व्हर कुठं आहे ते ठाऊक आहे, त्याच्यावर महिन्याला एकच जॉब चालतो, शेवटच्या दिवशी. मालकाच्या रकान्यात ज्यांचं नाव आहे ते निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी लिहून ठेवलंय: हात लावू नये.