तुम्ही विचारलंत म्हणून: समाजकार्य शिकताना जीआर कशाला?

"एमएसडब्ल्यू करतेस ना? मग गोरगरिबांत काम करायचं सोडून ते जीआर कसले वाचत बसतेस?" मामा विचारतात, शेजारचे काका विचारतात. जीआर म्हणजे शासन निर्णय, सरकारचा लेखी आदेश. तर सांगते.

२०२४ मध्ये फिल्डवर्कला मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात होते. तिथल्या एका विधवा मावशींचा संजय गांधी निराधार योजनेचा, म्हणजे निराधारांच्या सरकारी पेन्शनचा, अर्ज भरायचा होता. अट अशी की वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंतच हवं. मावशी भांगलणीला जायच्या, हजेरी ३०० रुपये. सत्तर दिवसांत २१ हजार भरले. एकाहत्तराव्या दिवशी खुरपं उचललं की बाई कागदावर निराधार उरत नाही! "मग घरात बसू व्हय गं पोरी?" त्यांनी विचारलं. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. तेव्हा कायद्याने दिलेले १०० दिवस कुणी पूर्ण राबलं तर २९,७०० व्हायचे. म्हणजे सरकारनेच दिलेल्या कामामुळे सरकारचीच पेन्शन हुकायची. अर्ज मी कितीही नीट भरला तरी तो आकडा मला खोडता येत नव्हता. तो मुंबईत, जीआरमध्ये ठरलेला.

पण मुंबईचा कागद गावातूनही हलतो. त्याच तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ ला ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तेव्हा दोन दिवस उरले होते. १७ मेला राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, हेही खरं. कुणी बांगड्या फोडल्याच तर त्याच्या जोरावर शिक्षा होत नाही, आणि मला ते फार लागतं.

महाराजांनी तरी कुठे एकच वाट धरली? १९०१ मध्ये मुलांसाठी बोर्डिंग काढलं आणि २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूमही काढला. बोर्डिंगात शिकलेल्या पोराला पुढे नोकरीचं दार बंदच असतं, तर?

आता मी त्या २१ हजारांवर आमदारांना द्यायचं टिपण लिहितेय. मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझं एकटीचंच कशापायी? आमच्या टोळीत आणि चौघीजणी हायत, त्यांचं बी लिही."

येत्या रविवारी त्या चौघींकडे जायचंय.