डिसेंबरात गळणारं घर

फोन आला तेव्हा डिसेंबर अर्धा सरला होता. "पाऊस नाय नि घर गळतंय," एवढंच पलीकडून सांगितलं गेलं. संगमेश्वर तालुक्यातलं मंगळुरी कौलांचं घर. दोन पाखी, प्रत्येक पाखं ९ मीटर लांब आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत ५ मीटर. दोन वर्षांपूर्वी कौलं उतरवून नव्या रिपा मारल्या होत्या आणि रिपांखाली चंदेरी बबल शीट ताणलं होतं. वानरांनी कौल फोडलं तरी पाणी आत येऊ नये आणि उन्हाचा ताव कमी व्हावा, म्हणून. खाली लाकडी सिलिंग. दोन्ही पावसाळ्यांत एक थेंब आला नव्हता, आणि आता थंडीत पहाटे सिलिंगच्या फटींतून टपटप.

अशा तक्रारीला दुपारी जाऊन काही दिसत नाही. रात्री तिथेच मुक्काम केला आणि पहाटे साडेपाचला माळ्यावर चढलो. बॅटरी मारली तर शीटची खालची बाजू पूर्ण घामेजलेली. जिथे शीटला झोळ होता तिथे थेंब जमून खाली पडत होते. माळ्यावरची हवा २१ अंश, आर्द्रता ८४ टक्के. म्हणजे दवबिंदू, ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, १८ अंशांच्या जरा वर. शीटचं तापमान १६.४. बाहेर आभाळ निरभ्र होतं. अशा रात्री कौलं आकाशाकडे उष्णता टाकत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांच्या लगतचं शीटही तसंच गार पडतं. पुढचं काम वाफेचं.

वाफ कुठून येत होती ते शोधायला पाच मिनिटं पुरली. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचा पाइप बाहेर न काढता माळ्यावरच सोडलेला. न्हाणीघराची भिंत छतापर्यंत गेलेलीच नाही, त्यामुळे बंबाची सगळी वाफ वर. पूर्वी या घराला सिलिंग नव्हतं, चूल होती आणि कौलांच्या फटींतून धूर नि वाफ दोन्ही निघून जायचं. फटी बुजवल्या, वाफ तेवढीच राहिली. खिळे मारले होते तिथे वाशांतला ओलावा २६ टक्के निघाला. लाकूड २० टक्क्यांवर बराच काळ राहिलं की बुरशीची भीती, म्हणजे गळती हा त्यातला लहान त्रास होता.

शीट काढून तिथे ब्रीदेबल मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारं पण वाफ सोडणारं कापड, घालायचं ठरलं. पण पहिला खर्च सहा फूट पाइपाचा: एक्झॉस्ट भिंतीतून बाहेर काढला आणि न्हाणीघराला स्वतंत्र छत दिलं. हे न करता नुसतं मेम्ब्रेन बदलणारे लोक पुढच्या थंडीत पुन्हा फोन करतात.

आता निवड. दुकानदाराने आधी भिंतीवर गुंडाळायचा पातळ रॅप पुढे केला. दिसायला तोही पांढरा कापडासारखाच, पण तो छपरासाठी नाही. छपराला तीन थरांचं घ्यावं: वर-खाली पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड, मधे फिल्म, वजन चौरस मीटरला १३० ते १५० ग्रॅम. माहितीपत्रकात दोन गोष्टी पाहायच्या. पाण्याच्या चाचणीत डब्ल्यू-१ हा सर्वांत वरचा वर्ग, आणि एसडी मूल्य. एसडी म्हणजे वाफेला होणारा अडथळा किती जाडीच्या स्थिर हवेइतका आहे ते. चांगल्या मेम्ब्रेनचं ०.०२ ते ०.०५ मीटर असतं, साध्या प्लास्टिकचं कित्येक मीटर. 'दिवसाला इतके ग्रॅम वाफ' या आकड्यावर भुलू नये. चाचणीचं तापमान आणि आर्द्रता बदलली की तोच माल दुप्पट 'श्वास' घेताना दिसतो.

दुकानातच करता येण्याजोगी परीक्षा अशी: वाफाळत्या चहाच्या कपावर तुकडा ताणून धरा, वर थंड स्टीलची ताटली ठेवा. ताटलीवर धुकं धरलं पाहिजे. मग त्याच तुकड्याची वाटी करून पाणी ओता. तळाशी थेंब येता कामा नये. यातून दर्जा कळत नाही, फक्त फसवणूक पकडता येते.

रोल १.५ मीटर रुंद, ५० मीटर लांब. उतार ३० अंशांच्या आसपास, म्हणून एका पट्ट्यावर दुसरा चढतो तो आडवा जोड १५० मिलिमीटरचा ठेवला. पहिला पट्टा १.५ आणि पुढचे तीन १.३५, असे चार पट्टे ५.५५ मीटर झाकतात. जास्तीचा अर्धा मीटर आढ्यावरून पलीकडे दुमडायला. दोन्ही टोकांना २० सेंटिमीटर धरून एक पट्टा ९.४ मीटरचा, असे आठ. दोन रोलमधून दहा निघतात. मिस्त्री छपराचे ९० चौरस मीटर भागिले रोलचे ७५ असं गणित मांडत होते, त्यात जोड धरलेलेच नव्हते.

खरी हुज्जत झाली उभ्या लाकडी पट्ट्यांवरून. मेम्ब्रेन वाशांवर टाकून थेट आडव्या रिपा मारल्या तर आत झिरपलेलं पाणी प्रत्येक रिपेला अडतं आणि खिळ्याच्या भोकातून खाली उतरतं. म्हणून मेम्ब्रेनवर प्रत्येक वाशाच्या रेषेत २५ बाय ५० मिलिमीटरची उभी पट्टी, आणि तिच्यावर रीप. वासे ६० सेंटिमीटरवर, म्हणजे एका पाख्याला १६. दोन्ही मिळून १६० मीटर पट्टी. खिळे तीन इंची, म्हणजे पट्टी भेदून वाशात दोन इंच जातात. "एवढं लाकूड फुकट," असं मिस्त्री दिवसभर म्हणत होते. त्यांना एक बादली पाणी वरून ओतून दाखवलं, तेव्हा थांबले.

वळचणीला मेम्ब्रेन लोंबतं सोडायचं नाही. उन्हात ते तीन-चार महिन्यांत खराब व्हायला लागतं. तिथे ३०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, त्याचं तोंड पन्हळीत, आणि मेम्ब्रेन त्या पत्र्यावर १५० मिलिमीटर चढवून संपवलं. उभ्या पट्ट्यांमधल्या फटीला बारीक जाळी, उंदीर आणि गांधीलमाश्यांसाठी. जाळी वटवाघळांसाठीही हवी: अशा कापडाच्या तंतूंत नख्या अडकून ती मरतात, हे ब्रिटनमध्ये दिसून आलं आहे.

ऊन म्हटलं की काचेची कौलं आठवायला हवी होती. स्वयंपाकघरावर अशी तीन होती. त्यांच्याखालचं मेम्ब्रेन कायम उन्हातच राहिलं असतं. ती काढली. घरातल्या बाईंना अंधार झाल्याचा राग आला, आणि तो रास्त होता. उजेड परत आणायचा तर चौकट करून कडेने मेम्ब्रेन वर वळवावं लागतं. ते काम वेगळ्या दिवसाचं.

एक चूक आमच्याच देखरेखीखाली झाली. वाळवीसाठी वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावून दुसऱ्याच दिवशी मेम्ब्रेन ताणलं. मध्येच एक अवकाळी सर आली, कौलं अजून चढायची होती, आणि वाशांच्या रेषेत ओल उतरली. बारीक छिद्रांचं मेम्ब्रेन पाणी अडवतं ते पृष्ठताणाच्या बळावर. तेल किंवा साबणासारखा पदार्थ लागला की छिद्रं भिजतात आणि पाणी पार होतं. तेलाला किमान आठवडा वाळू द्यायला हवा होता. बिनछिद्री फिल्मचं मेम्ब्रेन हे बरंच सोसतं, पण महाग पडतं. डाग पडलेले दोन पट्टे बदलले, उरलेले दोन असे संपले.

शेवटी हवा. वळचणीलगत माळ्यावर संपूर्ण लांबीला १० मिलिमीटरची फट आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या त्रिकोणात, आढ्याजवळ, एकेक जाळीची खिडकी. मेम्ब्रेन वाफ सोडतं, पण कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरच हवा ओलीचिंब असते. तेव्हा ते माळा कोरडा करत नाही. खोलीत एसी असेल तर हिशोब आणखी उलटतो, बाहेरची वाफ आत खेचली जाते आणि थंड सिलिंगवर बसते. या घरात एसी नव्हता.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा पहाटे चढलो. वासे १५-१६ टक्के, मेम्ब्रेन कोरडं. फक्त मागच्या वळचणीलगत मीटरभर पट्टा ओलसर. घरच्या काकांनी तिथे नारळाची सोडणं रचली होती, थेट फटीला टेकवून. ती आम्हीच पुढे ओढली आणि फटीपासून हातभर अंतरावर एक फळी आडवी ठोकली.