गाण्यांच्या संग्रहासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

हार्ड डिस्कवर चार-पाच हजार गाणी साठली की हा प्रश्न येतोच. शोधायला गेलं की रून, जेरिव्हर मीडिया सेंटर, मीडियामंकी गोल्ड, मॅकवर स्विन्सियन अशी नावं दिसतात, आणि प्रत्येकाच्या चित्रांत संग्रह अगदी नीटनेटका दिसतो. माझं मत स्पष्ट आहे: टॅग (म्हणजे फाईलमध्येच लिहिलेली गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती) दुरुस्त करून मिळतील या आशेवर एक पैसाही देऊ नका. ते काम फुकट साधनांनी उत्तम होतं. पैसे द्यायचे असतील तर ऐकण्याच्या सोयीसाठी द्या, आणि तेही फायली स्वच्छ झाल्यावर.

आधी सफाई का, ते एका उदाहरणावरून कळेल. चौदा वेगवेगळ्या गायकांची चौदा गाणी असलेला एखादा संकलित अल्बम घ्या. बहुतेक प्लेअरमध्ये तो एक-एक गाण्याचे चौदा अल्बम होऊन विखुरतो. कारण साधं आहे. ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा असतो, मग सॉफ्टवेअर ‘आर्टिस्ट’ बघून गट पाडतं. विंडोजवर फुकट मिळणाऱ्या एमपीथ्रीटॅग या टॅग-दुरुस्तीच्या साधनामध्ये तो फोल्डर उघडा, कंट्रोल-ए दाबून सगळ्या फायली निवडा, ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये सगळ्यांना एकच नाव द्या आणि कंट्रोल-एस. दोन सीडींचा संच असेल तर ‘डिस्क नंबर’ही भरा, नाहीतर पहिल्या क्रमांकाची दोन गाणी लागोपाठ वाजतात. ही दुरुस्ती फाईलमध्येच होते, म्हणून पुढे कुठलंही सॉफ्टवेअर वापरलं तरी टिकते. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली दुरुस्ती बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये जाते. रून तर तुमच्या फायलींच्या टॅगना हातच लावत नाही. फायलींच्या सुरक्षिततेसाठी ते चांगलंच, पण रून सोडलं की तिथल्या दुरुस्त्याही मागे राहतात.

मोठ्या संग्रहासाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरा. म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या संगीतकोशातून टॅग भरणारं हे फुकट साधन आहे. त्यात ‘स्कॅन’ हे बटण दिसलं की लोक आधी तेच दाबतात आणि संग्रहाची वाट लागते. स्कॅन आवाजाच्या ठशावरून रेकॉर्डिंग ओळखतं, अल्बम नाही. तेच रेकॉर्डिंग मूळ अल्बमवर असतं, निवडक गाण्यांच्या संचावर असतं, एखाद्या संकलनावरही असतं. त्यामुळे एका अल्बमची दहा गाणी चार ठिकाणी जाऊन बसतात. म्हणून आधी ‘क्लस्टर’ (आहेत त्या टॅगवरून फायलींचे अल्बमनुसार गट पाडणं), मग ‘लुकअप’ (ते अल्बम कोशात शोधणं). ज्यांना काहीच टॅग नाहीत त्यांच्यापुरतंच ‘स्कॅन’. फायलींची नावं बदलण्याचा पर्याय पहिल्या फेरीत बंद ठेवा. एका वेळी वीस-पंचवीस अल्बमच घ्या, कारण म्युझिकब्रेन्झचा सर्व्हर साधारण सेकंदाला एकच विनंती घेतो. हजार अल्बम एकदम ओतले तर बराच वेळ वाट बघावी लागते आणि चुका नजरेतून सुटतात.

एमपीथ्रीच्या टॅगची आवृत्तीही पाहून घ्या. जुन्या पहिल्या आवृत्तीत टॅग फाईलच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये बसतो आणि गाण्याच्या नावाला फक्त ३० अक्षरांची जागा मिळते. लांब नावं मध्येच तुटलेली दिसली तर प्लेअर बहुधा तोच टॅग वाचतोय. आयडी३ (एमपीथ्रीतल्या टॅगचं स्वरूप) याची २.३ ही आवृत्ती आणि यूटीएफ-१६ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) ठेवलं तर जुनी उपकरणंही कुरकुर करत नाहीत. फ्लॅक या, आवाज जसाच्या तसा ठेवून फाईल लहान करणाऱ्या स्वरूपात ही कटकट नाही, तिथे टॅग यूटीएफ-८ मध्येच असतात. वॅव्ह फायली असतील तर त्या फ्लॅकमध्ये बदलून घ्या. आवाजात तसूभरही फरक पडत नाही, जागा बरीच वाचते, आणि वॅव्हमधले टॅग प्रत्येक प्लेअर वाचेलच असं नाही.

मुखपृष्ठाची चित्रं प्रमाणात ठेवा. तीन एमबीचं चित्र बारा गाण्यांत घातलं की एका अल्बममागे ३६ एमबी नुसती चित्रांतच जातात. शिवाय फ्लॅकमध्ये टॅगसाठी राखून ठेवलेली जागा अपुरी पडते, मग अख्खी फाईल पुन्हा लिहावी लागते. नेटवर्कवरच्या डिस्कवर हे काम रखडतं, आणि मध्येच जोडणी तुटली तर फाईल बिघडूही शकते. हजार पिक्सेलपर्यंतचं जेपीजी पुरेसं आहे.

आता पैसे कुठे द्यावेत. घरात तीन-चार खोल्यांत एकाच वेळी, एकाच लयीत गाणं वाजवायचं असेल, खोलीच्या ध्वनीनुसार आवाज दुरुस्त करायचा असेल, किंवा एका वादकावरून तो जिथे जिथे वाजलाय त्या सगळ्या रेकॉर्डिंगपर्यंत भटकायचं असेल, तर रूनची वर्गणी सार्थ आहे. त्या सुखासाठी दिलेले पैसे मला वाया गेलेले वाटत नाहीत. मात्र त्याला सतत चालू राहणारा संगणक लागतो आणि डेटाबेससाठी एसएसडी हवा. जेरिव्हरचा परवाना एकदाच घ्यायचा असतो. पुढच्या मोठ्या आवृत्तीचे पैसे वेगळे, पण घेतलेली आवृत्ती चालत राहते. खूप खोलात जाऊन सेटिंग करणाऱ्याला तेच जास्त सोयीचं. एकाच संगणकावर हेडफोन लावून ऐकत असाल तर विंडोजवर म्युझिकबी किंवा फूबार २००० यांच्यापुढे जायची गरज नाही. फोनवर स्वतःचा संग्रह ऐकायला नॅव्हिड्रोम (घरच्या संगणकावरून फोनपर्यंत गाणी पोचवणारा सर्व्हर) फुकट आहे, फक्त ते बसवायला एक संध्याकाळ द्यावी लागते.

चाचणीच्या मुदतीत सगळा संग्रह आत घालू नका. मुद्दाम अवघड असे पन्नास अल्बम निवडा: दोन संकलनं, एक तीन सीडींचा संच, एक सलग वाजणारं थेट मैफलीचं रेकॉर्डिंग, आणि चेक संगीतकार ड्वोर्झाकसारखं, ज्याच्या रोमन लिपीतल्या नावात अक्षरांवर खुणा आहेत असं काही. खुणेचं अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतं, म्हणून कच्च्या सॉफ्टवेअरमध्ये हा एकच माणूस दोनदा दिसतो.

मग एका गाण्याला तीन तारे द्या, सॉफ्टवेअर बंद करा, तीच फाईल एमपीथ्रीटॅगमध्ये निवडून ऑल्ट-टी दाबा. रेटिंगची ओळ तिथे दिसली नाही, तर तारे फाईलमध्ये उतरलेलेच नाहीत. दिसली तरी एमपीथ्रीत ते मूल्य ० ते २५५ या पट्टीवर असतं आणि प्रत्येक सॉफ्टवेअर तारे आपापल्या रीतीने मोजतं, तेव्हा दुसऱ्या प्लेअरमध्येही तीनच दिसतात का ते बघा. प्लेलिस्ट एम३यू८ (गाण्यांच्या फायलींचे मार्ग लिहिलेली साधी मजकूर-यादी) स्वरूपात बाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ड्राइव्हचं अक्षर असेल तर डिस्क दुसऱ्या संगणकाला लावल्यावर ती प्लेलिस्ट बहुधा मुकी होईल. सापेक्ष मार्ग (ड्राइव्हच्या अक्षराऐवजी प्लेलिस्ट जिथे आहे तिथपासूनचा पत्ता) लिहिण्याचा पर्याय सेटिंगमध्ये शोधा, आणि तो मिळेपर्यंत खरेदी लांबवा.