नाचणाऱ्या पायांखालची फरशी

शाळेचं नवं सभागृह होणार म्हटल्यावर या मनोगतात त्याच्या जमिनीबद्दलच लिहावं असं ठरवलं. समकालीन नृत्यातली कारकीर्द किती वर्षं चालेल हे बऱ्याच अंशी तालमीच्या जमिनीवर ठरतं, आणि आपल्याकडे मुलामुलींची सुरुवातीची सगळी वर्षं कोटा फरशीवर नाहीतर टाइल्सवर जातात.

फरशीखाली काँक्रीट. ते जराही दबत नाही, मग उडीचा दणका नडगी, गुडघा आणि कंबर सोसतात. उतरताना आधी चवडा टेकवायचा, मग टाच. गुडघा वाकवून पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. पाय थकले की गुडघा आत कलतो आणि टाच धपकन आदळते. हा आवाज वाढला की शिकवणाऱ्याने त्या दिवसाच्या उड्या थांबवाव्यात. नडगी लांबवर ठणकत असेल तर काही दिवस विश्रांती पुरते. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तेव्हा बाम चोळत बसू नये, अस्थितज्ज्ञांना दाखवावं. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ही चीर पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी लगेच नाचायला लागू नये.

आपल्या बडोद्याला हे सांगायची खरं तर गरज पडू नये. १८८० साली तंजावरच्या चिमणाबाई सयाजीरावांच्या राणी होऊन आल्या आणि त्यांच्यामागे तिथला नाच, म्हणजे आजचं भरतनाट्यम, बडोद्यात आला. गौरा आणि कांतिमती या नर्तकी दरबारी नाचल्या. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजावरकरांनी तो इथेच शिकवला. इथल्या विद्यापीठात शिकवून गेलेले भरतनाट्यम नर्तक सी. व्ही. चंद्रशेखर तर ऐंशी ओलांडल्यावरही रंगमंचावर उभे राहत. समकालीन नृत्यात पाहिलं तर महाराष्ट्रातल्या वाडा या गावी जन्मलेल्या नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांचं ‘अंगिका’ हे नृत्य १९८५ चं, म्हणजे पन्नाशीनंतरचं. नृत्यरचनाकाराचं काम असं उशिरा पिकतं, आणि तोवर नर्तकांना हालचाल स्वतःच्या अंगाने करून दाखवावी लागते. गुडघे तिशीतच गेले तर ती दाखवायची कशी?

तर जमीन अशी करावी. काँक्रीटवर रबराचे तुकडे, त्यांवर आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्या, वर १२ मिलिमीटर प्लायवुडचे दोन थर. वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. भिंतीकडेने बोटभर फट ठेवायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं; फट नसली की मध्येच उंचवटा येतो आणि नेमकी तिथे ठेच लागते. वाळवीचं औषध आधीच मारावं, नंतर आत हात पोचत नाही. सगळ्यात वर नाचासाठीची व्हिनाइलची मॅट. पॉलिश मुळीच नको, घाम सांडला की अनवाणी पाय सटकतो.

या सगळ्याची जाडी साधारण ४ इंच होते. नकाशा पक्का होण्याआधीच वास्तुविशारदांना तेवढी जागा खोल सोडायला सांगावं, नाहीतर दरवाजे तळाशी कापावे लागतात आणि उंबऱ्याशी पायरी तयार होते.