शक्तिमानचा गंज

"कुणाची गाडी ही?" काकांनी विचारले. मी आणि त्यांचा मुलगा एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण ती गाडी त्यांचीच होती. वीतभर लांबीचा तो शक्तिमान ट्रक काकांनी डोळ्यांजवळ नेला, चष्मा कपाळावर सरकवला, मडगार्डच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाले, "हिचा ड्रायव्हर झोपा काढत होता काय, एवढा गंज चढेस्तोवर?"

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात माझे मॉडेल बनवण्याचे काम चालते. पोट भरते ते बिल्डरांच्या मॉडेलांवर. घोडबंदर रस्त्याचे टॉवर जमिनीवर उभे राहण्याआधी माझ्या टेबलावर उभे राहतात, आणि त्यांच्याभोवती किती झाडे लावायची हे ठरवणे हा त्या कामातला सर्वांत काल्पनिक भाग असतो. लष्करी वाहने मी हौसेने करत आलो आणि आता अधूनमधून त्यांच्याही ऑर्डरी येतात. ही ऑर्डर काकांच्या मुलाची होती. वडिलांचा अमृतमहोत्सव रविवारी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये व्हायचा होता. काका मूळचे सातारा जिल्ह्यातले, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते आणि १९७१ च्या डिसेंबरात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी शक्तिमान चालवला होता. ट्रक त्यांना कार्यक्रमातच द्यायचा असे ठरले होते, पण मुलाला गुपित काही पोटात ठेवता आले नाही आणि शनिवारी सकाळी साडेनऊला तो वडिलांना घेऊन थेट गाळ्यावर आला.

शक्तिमान हा लांब नाकाचा डिझेल ट्रक पश्चिम जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून आपल्याकडे जबलपूरला तयार होऊ लागला आणि पुढची कित्येक वर्षे लष्कराचे रेशन, दारूगोळा आणि माणसे त्याच्याच पाठीवरून गेली. त्याचा तयार किट माझ्या पाहण्यात नसल्यामुळे मी केबिन आणि हौदा प्लास्टिक शीट कापून बांधला, एक टायर घडवून त्यावरून बाकीचे रेझिनमध्ये ओतले आणि सगळे १:३५ च्या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यात, बसवले. बांधणीबद्दल काकांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेदरिंगबद्दल, म्हणजे नव्या रंगाला वापराची कळा आणण्याच्या ज्या कामाचा मला सर्वांत जास्त अभिमान होता, नेमकी त्याबद्दल.

वेदरिंग मी शिकलो ते दुसऱ्या महायुद्धातल्या युरोपीय वाहनांची छायाचित्रे आणि परदेशी मॉडेलकारांची कामे पाहून. आधी राखाडी प्रायमर, मग ऑलिव्ह ग्रीन. तोही डब्यातला जसाच्या तसा नाही, तर किंचित पिवळसर पांढरा मिसळून फिकट केलेला, कारण खऱ्या ट्रकवरचा रंग वीतभर वस्तूवर लावला की तो प्रत्यक्षापेक्षा गडद भासतो. त्यावर चकचकीत वार्निश, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी ऑइल रंगाचा वॉश, जो खाचांमध्ये आणि रिव्हेटांभोवती आपोआप उतरतो. मग स्पंजच्या तुकड्याने कडांवर रंगाचे टवके उडाल्याचा भास आणि त्या टवक्यांतून खाली ओघळलेला गंज. शेवटी सगळे मॅट वार्निशखाली बंद. फोटोत हे फार देखणे दिसते.

काकांनी एकेक टवका मोजल्यासारखा पाहिला. मग त्यांनी मला विचारले की खऱ्या गाडीवर हा डाग केवढा झाला असता. या प्रश्नाने मी वरमलो. मडगार्डवरचा माझा टवका चांगला दोन मिलिमीटरचा होता, म्हणजे खऱ्या ट्रकवर सात सेंटिमीटरचा, आणि असे टवके एका मडगार्डवर अकरा होते. हा हिशेब मी टॉवरच्या खिडक्यांसाठी रोज करतो. गंजाच्या बाबतीत तो करायचे मला कधी सुचले नव्हते.

"अहो, संध्याकाळी गाडी लायनीत लागली की आधी गाडीचं बघायचं, मग आपल्या चहाचं," काका म्हणाले. "गंज दिसला तर जेसीओसाहेब, म्हणजे आमचे वरचे अधिकारी, सगळ्यांच्या देखत भादरायचे. रंग उडाला की लगेच ब्रश फिरायचा. झीज बघायची तर इथं बघा." त्यांनी पायरीवर बोट ठेवले. पायरीच्या दाराकडच्या अर्ध्या भागात बूट घासून धातू उघडा पडे, पुढचा अर्धा भाग मात्र तसाच राही. दाराच्या कडेवर, कोपर टेकायच्या जागी, रंग उडत नसे, उलट तो गुळगुळीत होऊन चमकत असे. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली काळपट ओला डाग पडे आणि त्यावर धूळ बसून तो घट्ट होई. मी टाकीवर काहीच केले नव्हते आणि पायरी मात्र सरसकट झिजवली होती.

"आणि माती?" मी विचारले.

माती भरपूर होती, पण ती चाकांनी उडवलेली नव्हती, कारण त्या भागात चिखल कुठला. आकाशातून गाडी चमकू नये म्हणून पाण्यात माती कालवून ती हातांनी बॉडीवर लिंपत असत, पुढच्या काचेवरसुद्धा, फक्त बघण्यापुरती फट ठेवून. माणूस जमिनीवर उभा राहून लिंपणार, म्हणून मातीचे पट्टे खालून वर गेलेले आणि जिथे हात पोचत नाही तिथे संपलेले. दारावरची माती येण्याजाण्याने दोन दिवसांत गळून पडे, बॉनेटवरची इंजिनाच्या उष्णतेने तडकून पापुद्रे होई. हे सांगताना काकांचा उजवा हात हवेत खालून वर जात होता आणि मी तो कागदावर उतरवून घेत होतो.

ते दोघे अकराच्या सुमारास गेले. गंज वार्निशखाली बंद असल्याने टर्पेंटाइनने पुसण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून दोन्ही मडगार्ड आणि दारांच्या खालच्या कडा दीड हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून काढाव्या लागल्या. मूळ मिश्रणाचा रंग मी एका बाटलीत राखून ठेवला होता. टॉवरचा एखादा मजला ऐनवेळी वाढतो, त्यामुळे लागलेली ही सवय. एअरब्रशचा, म्हणजे रंग फवारायच्या पेनाएवढ्या यंत्राचा, हवेचा दाब पंधरा पीएसआयपर्यंत उतरवून तो रंग पातळ थरांत जुन्यात मिसळवला. मातीसाठी पिवळसर पिगमेंट, चाळलेली बारीक माती आणि मॅट अॅक्रिलिक माध्यम यांचा लगदा केला. माणसाचे बोट या प्रमाणात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे होते, म्हणून झिजलेल्या ट्रिपल झिरो, म्हणजे अगदी बारीक, ब्रशचे केस आणखी कापून चार-चार बोटांचे पट्टे ओढत गेलो. एका दाराला सव्वा तास लागला, पण दिवसभरातले सर्वांत सुखाचे काम तेच होते.

चारच्या सुमारास पाऊस कोसळू लागला आणि मला घाईची दुर्बुद्धी झाली. गाळ्यातली आर्द्रता ८६ टक्के दिसत असतानाही मी डाव्या मडगार्डवर मॅट वार्निश मारले. वार्निशमधले थिनर उडताना पृष्ठभाग एकदम थंड करते, हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन बसते आणि थरात अडकते. मिनिटभरात मडगार्डवर दुधासारखी साय आली. ऑगस्टमध्ये ठाण्यात हे होणार हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे. एसी लावून तासभर थांबलो, आर्द्रता साठच्या खाली आल्यावर सावकाश उडणाऱ्या रिटार्डर थिनरचा हलका फवारा मारला, तेव्हा वरचा थर पुन्हा सैल होऊन अडकलेले पाणी निघून गेले आणि खालचा हिरवा रंग दिसू लागला. तोवर मी दुसऱ्या मडगार्डला हातही लावला नाही.

साडेआठला काकांचा फोन आला. "एक विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "मागच्या डिफरन्शियलला पांढरं लावलंय का?"

लावले नव्हते. ट्रकच्या पोटाखाली कोण बघणार, म्हणून तिथे मी नुसता काळपट रंग आणि धूळ मारून मोकळा झालो होतो. मग काकांनी समजावले की रात्री ताफा निघाला की हेडलाइट बंद असत. मागच्या अॅक्सलवरचा तो फुगीर गोळा पांढरा रंगवलेला असे आणि त्यावर तेवढाच उजेड पाडणारा एक लहानसा दिवा असे, जो वरून दिसत नसे. मागच्या ड्रायव्हरने त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून गाडी हाकायची. तो मोठा दिसू लागला तर आपण फार जवळ आलो, दिसेनासा झाला तर मागे पडलो. "रात्रभर आम्ही दुसरं काही बघितलंच नाही," ते म्हणाले, "म्हणून विचारलं."

मी ट्रक फोमवर उलटा ठेवला. गोळ्यावरची धूळ खरवडली आणि पांढरा इनॅमल ब्रशने दोन हातांत लावला, कारण त्या अवघड जागी एअरब्रश शिरत नव्हता. काळ्यावर पांढरा एका हातात कधीच झाकत नाही. वरचा दिवा तांब्याच्या तारेच्या तुकड्यावर वार्निशचा थेंब देऊन केला. दुसरा हात संपला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

रविवारी सकाळी मुलगा खोके घेऊन आला. इनॅमल तेव्हाही पुरता वाळलेला नव्हता, म्हणून संध्याकाळपर्यंत खालून हात लावू नका असे मी त्याला दोनदा बजावले, आणि काकांना तर मुळीच लावू देऊ नका, असेही.