आयझॅक्स फ्युरी: लहान आकाराचे, पण खरे लढाऊ वळण

घरच्या घरी बांधता येण्याजोग्या लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्पिटफायर किंवा मस्टँग येते. माझी पसंती मात्र जॉन आयझॅक्स यांच्या ‘फ्युरी’ला आहे. सुपरमरीन कंपनीत काम केलेल्या आणि पुढे शिक्षक झालेल्या या इंग्रज गृहस्थांनी १९३०च्या दशकातील हॉकर फ्युरी या विमानाची ७० टक्के आकाराची लाकडी प्रतिकृती तयार केली आणि १९६३ मध्ये ती उडाली.

त्यांची निवड फार विचारपूर्वक होती, असे मला वाटते. मूळ फ्युरीच दोन मजली पंखांची, उघड्या कॉकपिटची आणि न मिटणाऱ्या चाकांची असल्यामुळे चाके आत ओढून घेणारी खर्चिक यंत्रणा प्रतिकृतीत मुळात लागतच नाही, आणि तिच्या अभावी विमानाचे रूपही बिघडत नाही. आयझॅक्स यांनीच नंतर ६० टक्के आकाराचे स्पिटफायर बांधले व ते १९७५ मध्ये उडवले. तेही देखणे आहे, परंतु त्याचे लंबवर्तुळाकार पंख लाकडात घडवणे हे सरळ कडांच्या पंखांपेक्षा कितीतरी किचकट काम आहे.

उडण्यातला आनंद कुठून येतो, हे गणितातून समजते. आकार ७० टक्के झाला की पंखांचे क्षेत्रफळ साधारण निम्मे उरते, पण लाकूड, प्लायवुड आणि कापड यांच्या बांधणीमुळे उड्डाणाच्या वेळचे वजन मूळच्या एक तृतीयांशाहूनही कमी, म्हणजे सुमारे ४५० किलो भरते. पंखांच्या प्रत्येक चौरस फुटावरचा भार असा घटल्यामुळे विमान कमी वेगात हवेत तग धरते आणि लहान वर्तुळात वळते. मूळ फ्युरीने ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला होता; हिचा वेग त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक असला, तरी उघड्या कॉकपिटमध्ये तो मुळीच कमी वाटणार नाही.

प्रश्न उरतो इंजिनाचा. पहिल्या विमानातील वॉल्टर मिक्रॉन इंजिनाचे चारही सिलिंडर एकामागे एक असल्यामुळे फ्युरीचे ते निमुळते नाक जसेच्या तसे राखता येत होते, पण त्याची शक्ती जेमतेम ६५ अश्वशक्ती होती. पुढे बसवलेल्या १२५ अश्वशक्तीच्या लायकमिंगचे सिलिंडर दोन्ही बाजूंना पसरलेले असल्याने नाक रुंदावते. तरीही कसरतींसाठी लागणारी चढण्याची ताकद त्याच इंजिनातून मिळते, म्हणून मी तेच निवडेन.