सहाव्या आणि सातव्या फोटोच्या मधे

लाकडी जहाजाच्या मॉडेलच्या किटबरोबर आलेल्या माहितीपत्रकातल्या सहाव्या फोटोत जहाजाचा नुसता सांगाडा आहे. सातव्या फोटोत त्याच सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी फळ्या बसून, घासून, गुळगुळीत झालेलं जहाज. मधे एकच ओळ: ‘आता सांगाड्यावर पट्ट्या चिकटवा.’ बास. हे वाक्य लिहिणाऱ्याला एकदा समोर बसवावं, हातात एक पट्टी द्यावी आणि म्हणावं, चिकटव बाबा, बघू. माझं जहाज आता रंगापर्यंत आलंय, पण हा राग काही उतरलेला नाही. लाकडी जहाजाचं मॉडेल पहिल्यांदा करणाऱ्या कुणाचा तरी त्रास वाचावा म्हणून लिहितोय, आणि थोडं मन मोकळं करायला म्हणूनही.

जहाज आहे ब्लूनोज. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्गला १९२१ साली पाण्यात उतरलेलं, दोन डोलकाठ्यांचं मासेमारीचं गलबत. शर्यतींमध्ये एवढं गाजलं की तिथल्या दहा सेंटच्या नाण्यावर जाऊन बसलं. खरं तर माझ्या मनात होती आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका. १८१७ सालची, मलबारी सागाची, आणि अजूनही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. पण तीन डोलकाठ्या आणि तोफांच्या खिडक्यांची रांग बघून पहिल्याच खेपेला एवढी उडी नको म्हटलं.

सांगाडा पटकन झाला. मधे प्लायचा कणा, त्याच्या खाचांमधे आडवे बसणारे बल्कहेड, म्हणजे जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे तुकडे, काटकोन तपासून फेविकॉल. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. डेकच्या कडेने पहिल्या दोन-तीन पट्ट्याही सरळ बसल्या आणि मला वाटलं, एवढंच तर आहे. तिथून खाली उतरायला लागल्यावर नाळेशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, सगळा खेळ बिघडला. पट्टी तिथे आधीच्या पट्टीवर चढायला लागली. दाबून खाली बसवली की तिची खालची कड उचलली जायची. चिमटे वाढवले, टाचण्या वाढवल्या, तरी सकाळी बघावं तर नाळेवर पायऱ्या पायऱ्या. ओळखीच्या सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, “साहेब, फ्लेक्सी प्लाय मारून टाका की, कशाला एवढ्या पट्ट्यांच्या नादी लागताय?” पत्रक पुन्हा उघडलं. सहावा फोटो, सातवा फोटो.

काय होतं ते माहितीपत्रकाने सांगायला हवं होतं, ते मी सांगतो. जहाज मधे पोटाला फुगीर आणि पुढे निमुळतं. डेकच्या कडेपासून खाली कण्यापर्यंतचं अंतर बल्कहेडच्या कडेवरून मोजा. माझ्या मॉडेलवर मधल्या बल्कहेडला ते ८० मिमी भरलं. पट्टी ५ मिमी रुंद, म्हणजे १६ पट्ट्या. नाळेजवळच्या पहिल्या बल्कहेडला तेच अंतर ५० मिमी. तिथे पूर्ण रुंदीच्या फक्त १० पट्ट्या मावतात. उरलेल्या ६ जातील कुठे? त्या एकमेकींवर चढतात. म्हणून प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला साधारण ३ मिमीपर्यंत निमुळती करायची. परकराच्या कळ्या कशा खाली रुंद आणि कमरेशी अरुंद असतात, तसंच. किटमधल्या सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या असतात त्या कारखान्याच्या सोयीसाठी. खऱ्या गोदीत कुठलाही सुतार एकसारख्या रुंदीच्या फळ्या ठोकत सुटत नाही, प्रत्येक फळीची रुंदी जागोजाग आखून घेतो.

आणि पट्टी चपट्या बाजूने हवी तशी वाकते, पण कडेच्या बाजूने वाकायचं तिच्या स्वभावात नाही. आपण नेमकी तीच जबरदस्ती करत असतो. पायऱ्या होतात त्या यामुळे. यात तुमच्या हाताचा दोष नाही. हे कळेपर्यंत मी स्वतःला बरंच काही बोलून घेतलं होतं.

करायचं असं. पट्टी न चिकटवता मधल्या बल्कहेडला धरा आणि पुढे तिला जायचं तिकडे जाऊ द्या. आधीच्या पट्टीवर जिथून चढायला लागते तिथे पेन्सिलची खूण. तिथून टोकापर्यंत ती कड उतरती करायची. कटरने करू नका, लाकडाचे रेषे पाती स्वतःच्या वाटेने ओढून नेतात आणि पट्टी चिरते. छोटा रंधा असेल तर उत्तम, नाहीतर ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून घासा. डाव्या आणि उजव्या बाजूची पट्टी एकावर एक चिमट्यात धरून बरोबरच घासली की दोन्ही सारख्या होतात. टोक अर्ध्या रुंदीपेक्षा, म्हणजे अडीच मिमीपेक्षा बारीक होऊ द्यायचं नाही. तशी वेळ आली तर एक पट्टी नाळेच्या अलीकडेच संपवायची आणि तिचं टोक शेजारच्या पट्टीत खाच करून बसवायचं.

मोजायला स्टीलची पट्टी उपयोगाची नाही. कागदाची बारीक पट्टी बल्कहेडच्या कडेवर गुंडाळून खूण करा आणि ती सपाट करून भागा. दर तीन-चार फळ्यांनी पुन्हा मोजा, कारण हिशोब सरकतो.

पट्ट्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशाच लावायच्या. हे मी आधी सांगायला हवं होतं. एकच बाजू उरकत गेलात तर कणा केळ्यासारखा वाकतो, आणि मग काही करता येत नाही. आणि त्याच्याही आधी, पहिली पट्टी लावण्यापूर्वी, बल्कहेडच्या कडा तिरप्या घासून घ्या. एक सुटी पट्टी तीन-चार बल्कहेडवर आडवी ठेवून बघायची: ती प्रत्येक कडेला सपाट टेकली पाहिजे, नुसत्या कोपऱ्यावर नाही. नाळेच्या पहिल्या दोन बल्कहेडमधे बाल्साचे, म्हणजे अगदी हलक्या, मऊ लाकडाचे ठोकळे भरून त्यांना आकार दिला तर पट्टीला चिकटायला भरपूर जागा मिळते. एरोमॉडेलिंगचं सामान विकतात तिथे बाल्सा मिळतं.

वाकवण्याबद्दल. अख्खी पट्टी भिजवायला लांब भांडं शोधत बसू नका, वाकायचं असतं ते पुढचं चार-पाच इंच. उभ्या थर्मासात गरम पाणी घालून पट्टीचं टोक त्यात सोडलं की पुरतं. नंतर गरम इस्त्रीच्या टोकाने हळूहळू वळण द्यायचं. ओली पट्टी मात्र चिकटवू नका. पाण्याने ती फुगलेली असते, वाळल्यावर आकसते, आणि दोन पट्ट्यांमधे फट राहते. चिमट्यांनी सांगाड्यावर नुसती धरून वाळू द्या, मग फेविकॉल. पावसाळ्यात हे वाळणं संपता संपत नाही. त्या दिवसांत मी सरळ काम थांबवलं, त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

फेविक्विकने सगळं झटपट होतं असं सांगणारे भेटतील. टोकाशी एखादा थेंब ठीक. पण ते पट्टीत मुरतं तिथे पुढे पॉलिश बसत नाही, आणि पट्टी सरकवून जागेवर आणायला वेळच देत नाही.

मागच्या बाजूला उलटा प्रकार. तिथे पट्ट्या पसरतात आणि मधे फट उघडते. ती ओढून बंद करायची नाही, तिथे लांबट पाचर कापून बसवायची. नाळेशी झगडून झाल्यावर हे इतकं सोपं वाटलं की मी चहा घेत घेत केलं.

या पट्ट्यांवर नंतर आणखी पातळ पट्ट्यांचा दुसरा थर बसतो, म्हणून “पहिला थर कसाही चालतो, दुसऱ्याखाली झाकला जातो” हे वाक्यही मला बरंच ऐकायला मिळालं. रंग झाकला जातो, आकार नाही. दुसरा थर जेमतेम अर्धा-एक मिमी जाडीचा, खालचा खड्डा वर जसाच्या तसा येतो. घासताना पडणारा भुसा फेकू नका, फेविकॉलमधे कालवून फटीत भरा, लाकडाच्याच रंगाचं होतं. घासायला मात्र गॅलरीत बसा आणि मास्क लावा. आमच्याकडे देवघरापर्यंत भुसा गेला होता आणि त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

ब्लूनोज वर काळं आणि पाण्याखाली लाल रंगवायचं असतं, म्हणजे एवढी मेहनत सगळी रंगाखाली जाणार. डावी बाजू नीट रंगवली. उजवी लाकडाचीच ठेवलीय. घरी कुणी आलं की जहाज उजव्या बाजूने दाखवतो आणि नाळेवर बोट फिरवून बघा म्हणतो.